सतरा वर्षांचा खंड

मार्च १९६४ संपत आला होता. ब्राझीलच्या ईशान्येला, पेर्नाम्बुको राज्यातल्या गॅलिलिया नावाच्या जुन्या उसाच्या मळ्यावर रात्रीचं शूटिंग चाललं होतं. प्रसंग साधा. एका घरात कुळांची बैठक भरलीय, पोलिसांची चाहूल लागते आणि घरातली बाई म्हणते, ‘बाहेर माणसं आहेत.’ ती बाई नटी नव्हती. अशाच बैठका घेतल्या म्हणून तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी मारला गेला होता. एलिझाबेथ तेशेरा तिचं नाव, आणि ती स्वतःचीच भूमिका करत होती. हा प्रसंग कसाबसा घेतला गेला आणि चित्रपट थांबला. १ एप्रिलला सत्ता लष्कराच्या हातात गेली होती आणि सैनिक गॅलिलियात शिरले होते. पस्तीस दिवसांच्या शूटिंगमध्ये पटकथेचा जेमतेम चाळीस टक्के भाग झाला होता.

पुढचा शॉट लागला १९८१ साली.

चित्रपटाचं नाव ‘काब्रा मार्कादो पारा मोरेर’. काब्रा म्हणजे शब्दशः बकरी, पण ईशान्य ब्राझीलच्या बोलीत गडी, माणूस. मरणाची खूण केलेला गडी. दिग्दर्शक एदुआर्दो कुतिन्हो. (हे आडनाव गोव्याच्या वाचकांना परकं वाटणार नाही, दोन्हीकडे ते पोर्तुगीजांच्याच जहाजातून उतरलं.) ब्राझीलच्या समीक्षकांच्या संघटनेनं २०१५ साली देशातल्या सर्वोत्तम चित्रपटांची यादी केली तेव्हा ‘काब्रा’ चौथा आला, आणि पुढे फक्त माहितीपटांची यादी झाली तेव्हा पहिला. पण मी हे प्रकरण उचललं ते एका निर्णयासाठी. सतरा वर्षांनी कुतिन्हो त्या गावात परत गेला, हातात अर्धवट चित्रपट होता, कलाकार बरेचसे जिवंत होते, आणि तरी त्यानं तो चित्रपट पुरा करायचा नाही असं ठरवलं.

आधी जमिनीची गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढचं काही समजत नाही.

त्या भागात ऊस सोळाव्या शतकापासून आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर गॅलिलियासारख्या कितीतरी मळ्यांवरची गुऱ्हाळं बंद पडलेली होती आणि मालक ती जमीन कुळांना खंडानं देत. गॅलिलियावर अशी सुमारे १४० कुटुंबं होती. खंड दरसाल वाढे, थकला की हुसकावणी ठरलेली. कितीतरी मळ्यांवर खंडावर भागत नसे, मालकाच्या शेतात ठराविक दिवस फुकट राबावं लागे. त्याला तिथे ‘कांबांव’ म्हणत. आपल्याकडे यासाठी शब्द शोधावा लागत नाही. वेठ.

१९५५च्या सुरुवातीला गॅलिलियाच्या कुळांनी एक मंडळ काढलं. मागण्या ऐकल्या तर क्रांती वगैरे काही आठवणार नाही: मुलांना शिकवायला एक मास्तरीण, बियाणं, आणि मेल्यावर स्वतःची पेटी. कारण गरिबाला पुरायला गावच्या पालिकेची एकच सामाईक शवपेटी असे. प्रेत खड्ड्यात उतरवायचं आणि पेटी परत न्यायची, पुढच्यासाठी. गंमत अशी की मळ्याच्या मालकानं आधी या मंडळाचं मानद अध्यक्षपद स्वीकारलं होतं. मग कुणीतरी कान भरले की हा कम्युनिस्टांचा उद्योग आहे, आणि मालकानं कुळांना बाहेर काढायची तयारी केली. कुळं वकील शोधत रेसिफे शहरात गेली, तिथे फ्रान्सिस्को जुलियांव हा वकील आमदार त्यांना मिळाला, आणि खटला, मोर्चे, वर्तमानपत्रं यांतून ‘शेतकरी लीग’ उभी राहिली. १९५९च्या अखेरीस राज्य सरकारनं गॅलिलिया मालकाकडून काढून घेतलं.

शेजारच्या पाराइबा राज्यात सापे इथे सर्वांत मोठी लीग बांधली ती जोआंव पेद्रो तेशेरानं. दगडखाणीत काम केलेला, काळा, प्रॉटेस्टंट माणूस. त्याची बायको एलिझाबेथ जमीनदाराची मुलगी. बापाच्या मनाविरुद्ध पळून जाऊन लग्न केलेली. बापानं तिला ते कधी विसरू दिलं नाही. २ एप्रिल १९६२ला जोआंव पेद्रो मुलांसाठी शाळेची पुस्तकं घेऊन घरी चालला होता तेव्हा वाटेत दबा धरून त्याला गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांत पोलीस होते. कट रचल्याचा आरोप असलेला जमीनदार राज्याच्या विधानसभेत जाऊन बसला आणि आमदारकीच्या कवचाखाली सुटला. एलिझाबेथच्या पदरी अकरा मुलं. थोरली मुलगी मार्लूसे हिनं बापाच्या खुनानंतर काही महिन्यांतच आत्महत्या केली.

खुनानंतर पंधराएक दिवसांनी सापेत निषेध सभा झाली. त्या वेळी विद्यार्थी संघटनेचा एक सांस्कृतिक जथा देशभर फिरत होता आणि त्यातला एकजण कॅमेरा घेऊन सभेत उभा होता. हा कुतिन्हो, वय २८.

त्याचा तोवरचा प्रवास थोडक्यात सांगतो. जन्म सांव पावलोत, ११ मे १९३३. कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडलं, एका साप्ताहिकात मजकूर तपासायची नोकरी केली. मग टेलिव्हिजनवरच्या प्रश्नमंजूषेत चार्ली चॅप्लिन हा विषय घेऊन बक्षीस जिंकलं आणि त्या पैशांवर युरोप गाठलं. पॅरिसच्या चित्रपटशाळेत शिकून १९६०मध्ये परतला तेव्हा ब्राझीलमध्ये नवा सिनेमा आकाराला येत होता आणि विद्यार्थी संघटनेचं ‘लोकसंस्कृती केंद्र’ कलावंतांना गावांकडे ओढत होतं.

सभेत त्यानं एलिझाबेथला पाहिलं, काळ्या कपड्यांत, सोबत सहा मुलं. तिथेच त्याच्या डोक्यात चित्रपट शिरला: जोआंव पेद्रोच्या आयुष्यावर, जिथे घडलं तिथेच, शेतकऱ्यांनाच घेऊन. माहितीपट नव्हे, कथापट. संवाद लिहिलेले, दृश्यं आखलेली.

१९६४च्या जानेवारीत सापेजवळ मोठी चकमक होऊन माणसं मेली, पोलिसांचा वेढा पडला आणि तिथे शूटिंग अशक्य झालं. युनिट राज्याची सीमा ओलांडून गॅलिलियात आलं. म्हणजे सापेची गोष्ट आता गॅलिलियाची कुळं करून दाखवणार होती. जोआंव पेद्रोच्या भूमिकेला बाहेरचा एक शेतमजूर मिळाला, जोआंव मारियानो. बाकी सगळे गावचे. एलिझाबेथ पाराइबाहून आली.

इथे माझं मत सांगून टाकतो. तो चित्रपट पुरा झाला असता तर आज तो कुणी पाहिला नसता. जी दृश्यं उरली आहेत त्यांत प्रकाश देखणा आहे, चेहरे थक्क करणारे आहेत, पण माणसं शिकवलेल्या वाक्यांत अवघडून उभी आहेत. शहरातल्या सुशिक्षित मुलांनी शेतकऱ्याला शेतकऱ्याचं दुःख समजावून सांगण्याचा तो काळ होता. कुतिन्हो स्वतःही नंतर त्या पटकथेविषयी फार प्रेमानं बोलत नसे.

मग १ एप्रिल. युनिटमधल्या लोकांना गावकऱ्यांनी रानात लपवलं आणि तिथून त्यांनी रेसिफे गाठलं. काहीजण पकडले गेले, बहुतेक रिओला पोचले. कॅमेरा, जनरेटर, दिवे लष्करानं जप्त केले, आणि गावात परदेशी डाव्यांचा कट उघडकीला आल्याचं वर्तमानपत्रात छापून आलं. मात्र चित्रित झालेली बरीचशी फिल्म आधीच धुलाईसाठी रिओच्या लॅबमध्ये गेलेली होती. ती वाचली. पटकथेची एक प्रत वाचली, काही छायाचित्रं वाचली.

युनिट रिओला पोचलं. गॅलिलियाच्या लोकांना मात्र जायला दुसरं गाव नव्हतं. जोआंव व्हिर्जिनियो या तिथल्या पुढाऱ्यानं सहा वर्षं तुरुंगात काढली. विजेचे धक्के, विष्ठेच्या टाकीत उभं करणं, सगळं झालं. एक डोळा गेला, एक कान गेला. एलिझाबेथ काही दिवस लपली, मग काही महिने तुरुंगात होती. सुटल्यावर पुन्हा पकडणार असं कळताच कार्लोस या एका मुलाला घेऊन नाहीशी झाली. बाकीची मुलं आजोबा, मामा, ज्यानं ठेवून घेतलं त्याच्याकडे. एक मुलगा आधीच शिक्षणासाठी क्युबाला गेलेला होता. रिओ ग्रांदे दो नोर्ते राज्यात सांव राफायेल नावाच्या लहानशा गावात मार्ता मारिया दा कोस्ता नावाची एक बाई येऊन राहिली. लोकांचे कपडे धुवायची, पोरांना अक्षरं शिकवायची. तिचं खरं नाव गावाला माहीत नव्हतं.

यात चित्रपटाचा वाटा किती? हा प्रश्न या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लीगच्या पुढाऱ्यांना लष्करानं चित्रपट नसतानाही सोडलं नसतंच. पण गावात कॅमेरा, जनरेटर आणि शहरी पोरं नसती तर कटाच्या बातमीला इतका आयता पुरावा मिळाला नसता. चित्रपट पाहताना हे ओझं दिग्दर्शकाच्या खांद्यावर आहे हे जाणवतं. तो ते बोलून दाखवत नाही, पण प्रत्येक दारात जाऊन ‘त्यानंतर तुमचं काय झालं?’ असं विचारतो.

मधल्या सतरा वर्षांत कुतिन्होनं जे केलं ते पोटापाण्याचं म्हणावं असं. दुसऱ्यांसाठी पटकथा लिहिल्या. १९७६चा प्रचंड चाललेला ‘दोना फ्लोर’ त्यांतलाच. तीनेक कथापट केले, ते फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. वर्तमानपत्रात नोकरी केली. १९७५पासून ग्लोबो वाहिनीच्या वृत्तपटांच्या विभागात लागला, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या, सरकारशी जुळवून घेणाऱ्या वाहिनीत त्याला त्याचं काम सापडलं. १९७६मध्ये दुष्काळी ओरिकुरी गावावर केलेल्या वृत्तपटात एक शेतकरी दुष्काळात आपण कोणकोणती मुळं खाल्ली ते एकेक दाखवत सांगतो. शॉट तीन मिनिटांहून लांब, मध्ये कुठेही कट नाही. टेलिव्हिजनवर तीन मिनिटं एकच माणूस बोलतोय, ही तेव्हा चैन होती. माणसाला मधे न तोडणं कुतिन्हो इथे शिकला, आंदोलनात नव्हे. हे अनेकांना गैरसोयीचं वाटतं, पण तसंच आहे.

१९७९मध्ये माफीचा कायदा आला, निर्वासित परतू लागले, तुरुंग उघडले. हुकूमशाही अजून संपायची होती, पण फट पडली होती. नोकरी न सोडता कुतिन्हो १९८१च्या सुरुवातीला ईशान्येकडे निघाला.

आता निर्णय. त्याच्यापुढे काय काय होतं? जुनी पटकथा घेऊन उरलेली दृश्यं नव्यानं घेता आली असती, पण कलाकार सतरा वर्षांनी म्हातारे झाले होते. नटांना घेऊन सगळं पहिल्यापासून करता आलं असतं. जुन्या तुकड्यांना निवेदन जोडून स्मरणपट करता आला असता. त्या काळात असे बरेच झाले. कुतिन्होनं यातलं काहीच केलं नाही. पटकथा न लिहिता तो जुनी फिल्म आणि एक प्रोजेक्टर घेऊन गॅलिलियात गेला. पडदा लावला, गाव जमवलं आणि त्यांना त्यांचंच १९६४ दाखवलं.

हे दृश्य चित्रपटात आहे. जुन्या फिल्मला आवाज नाही, त्यामुळे आवाज गावकऱ्यांचाच येतो: हा अमका, ती तमकी, बघ किती पोरगेला दिसतोय. काहीजण आपल्याला ओळखून हसतात. मेलेल्यांची नावं घेतली जातात. अर्धा चित्रपट होता तो आता कागदपत्र झाला. घरच्या जुन्या फोटोंसारखा, ज्यावर बोट ठेवून माणसं बोलायला लागतात. एकाच्या घरी तर पळापळीत युनिटकडून राहून गेलेली पुस्तकं अजून जपून ठेवलेली होती, त्यात युरोपातल्या महायुद्धावरचं एक इटालियन लेखकाचं पुस्तक. लष्कराच्या धाडीतून वाचवून या शेतकऱ्यानं ते वाचून काढलं होतं आणि कॅमेऱ्यासमोर तो त्यातलं म्हणून दाखवतो. पटकथा लिहून हे सुचलं असतं का?

पण माझ्या मते चित्रपटाचा कणा एका फसलेल्या मुलाखतीत आहे. जोआंव मारियानो, ज्यानं जोआंव पेद्रोचं काम केलं होतं, तो कॅमेऱ्यासमोर उभा राहून सावधपणे बोलू लागतो. तेवढ्यात माइकवर वारा घोंघावतो आणि ध्वनिमुद्रक थांबायला सांगतो. तांत्रिक बाब, रोजची. पण मारियानोचा चेहरा बदलतो. आपण काहीतरी चुकीचं बोललो म्हणून थांबवलं असं त्याला वाटतं आणि तो गप्प होतो. कुतिन्हो बोलतं करायचा प्रयत्न करतो, शब्द निघत नाहीत. सतरा वर्षांच्या भीतीचं इतकं नेमकं चित्रण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. कोणताही नीटस संकलक हा तुकडा फेकून देईल. कुतिन्हो आणि त्याचा संकलक एदुआर्दो एस्कोरेल यांनी तो ठेवला, स्वतःच्या घाईसकट.

एलिझाबेथचा पत्ता फक्त थोरल्या मुलाला माहीत होता. हा अब्रांव पत्रकार होता. तो युनिटला घेऊन सांव राफायेलला गेला आणि पहिल्या दिवशी आईच्या शेजारी बसून राहिला. माफीचा कायदा आणणारे लष्करी राष्ट्राध्यक्ष फिगेरेदो यांचे आईनं आभार मानावेत, असा त्याचा आग्रह. ती मानते. मधेच तो स्वतःच तावातावानं सांगतो की गरिबाला सगळी सरकारं सारखीच, आणि हे चित्रपटात राहिलं पाहिजे. त्याच्या शब्दाला मान देऊन ते ठेवलेलं आहे. आई या सगळ्यात जपून, मोजून बोलते.

दुसऱ्या दिवशी मुलगा नाही. एलिझाबेथ वेगळीच दिसते. हातवारे येतात, आवाज चढतो, नवऱ्याची पहिली भेट, बापाचा राग, तुरुंग, सगळं येतं. गावातल्या शेजारणींना ती कोण आहे हे याच दिवसांत कळतं. तिसऱ्या दिवशी निरोप. मुलाखत संपली, गाडी निघायची आहे, आणि इथे, औपचारिक बोलणं संपल्यावर, ती खरं भाषण करते: लढा थांबत नाही, भूक आहे, तुटपुंजी मजुरी आहे, तोवर थांबायचा नाही. सतरा वर्षं मार्ता होऊन राहिलेली बाई तीन दिवसांत पुन्हा एलिझाबेथ होते, आणि हे आपल्या डोळ्यांसमोर होतं.

मुलांचा शोध हा चित्रपटाचा सर्वांत कडू भाग. कुतिन्हो रिओच्या गरीब वस्त्यांत, पाराइबात एकेकाच्या दारात जातो. काहींना आईचा चेहरा नीट आठवत नाही. एक मुलगी रडते, एक फार बोलत नाही. कुटुंब पुन्हा एकत्र आलं असं चित्रपट म्हणत नाही, कारण तसं झालं नाही.

‘काब्रा’ पुरा व्हायला आणखी तीनेक वर्षं गेली. १९६४चं कृष्णधवल, १९८१चं रंगीत, वर्तमानपत्रांची कात्रणं, आणि तीन निवेदक: एक तटस्थ माहिती सांगणारा, दुसरा कवी फेरेरा गुलार, आणि तिसरा स्वतः कुतिन्हो, ‘मी’ म्हणून बोलणारा. १९८४मध्ये रिओच्या महोत्सवात त्याला सर्वोत्तम चित्रपटाचा मान मिळाला, पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये समीक्षकांचं पारितोषिक. लष्करी राजवट १९८५मध्ये संपली. जोआंव व्हिर्जिनियोनं पुरा चित्रपट पाहिला नाही. तो आधीच वारला. सांव राफायेलही राहिलं नाही. १९८३मध्ये धरण झालं आणि एलिझाबेथनं जिथे निरोप घेतला ते जुनं गाव पाण्याखाली गेलं.

कुतिन्होनं ग्लोबो सोडली आणि त्यानंतर तीस वर्षं एकच काम केलं: समोर माणूस, मध्ये कॅमेरा, आणि ऐकणं. त्याचे पुढचे नियम ‘काब्रा’तूनच आले असं मला वाटतं. जागा एकच ठरवायची आणि तिथून हलायचं नाही. ‘एदिफिसियो मास्तर’ (२००२) म्हणजे रिओच्या कोपाकबानातली बारा मजल्यांची, २७६ लहान सदनिकांची एक इमारत. युनिटनं तिथेच खोली भाड्यानं घेतली आणि रहिवाशांना बोलतं केलं. ‘जोगो दे सेना’ (२००७) मध्ये तर रिकाम्या प्रेक्षागृहाकडे पाठ करून बायका आपल्या गोष्टी सांगतात, मग नट्या त्याच गोष्टी सांगतात, आणि कोण कुणाची गोष्ट सांगतंय हे आपल्याला कळेनासं होतं. एलिझाबेथला एलिझाबेथचीच भूमिका करायला लावणाऱ्या माणसाचा हा चित्रपट आहे, हे लक्षात ठेवून पाहावा.

मराठीत खंड म्हणजे कुळानं मालकाला द्यायचा वाटा, आणि खंड म्हणजे मध्ये पडलेली तूट. गॅलिलियानं दोन्ही भरले. वयाच्या ऐंशीच्या सुमाराला, २०१३मध्ये, कुतिन्हो पुन्हा तिकडे गेला. एक लहान चित्रपट गॅलिलियात उरलेल्यांवर केला, दुसरा एलिझाबेथच्या कुटुंबावर. प्रश्न तोच, त्यानंतर तुमचं काय झालं. २ फेब्रुवारी २०१४ला रिओतल्या घरी, मानसिक आजार असलेल्या त्याच्या मुलाच्या हातून त्याचा मृत्यू झाला. दोन्ही चित्रपट त्याच वर्षी लोकांसमोर आले.

एलिझाबेथनं फेब्रुवारी २०२५मध्ये शंभरी गाठली. सापेजवळ बार्रा दे आंतासमध्ये ती आणि जोआंव पेद्रो राहत होते ते घर आता शेतकरी लीगचं स्मारक आहे. १९६४मध्ये कॅमेरा जिथपर्यंत पोचू शकला नव्हता, तिथे आता शाळेच्या सहली येतात.